थाई मसाज, स्पा आणि अम्मीचे खांदे

बँकॉकला जातोय म्हटलं की मित्रमंडळींच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते आपल्या सर्वांच्या ओळखीचं आहे. सोबत पत्नी आणि अम्मी आहेत, असं सांगितल्यावर ते हसू मावळतं. "मग तुझा मसाज गेला," असं एकाने मला तोंडावर सांगितलं. मी म्हणालो, मसाज अम्मीलाच करून घ्यायचा आहे. तो गप्प झाला. पुढे काय बोलावं, हे त्याला सुचेना.

दोष त्याचा एकट्याचा नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रांत 'मसाज' आणि 'स्पा' हे शब्द येतात ते बहुतेक वेळा पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत. त्यामुळे मुस्लिम मोहल्ल्यातच काय, कुठल्याही मध्यमवर्गीय घरात हे शब्द मोठ्याने उच्चारले जात नाहीत. परिणाम असा होतो की, ज्यांना खरंच गरज आहे ती माणसं चौकशीच करत नाहीत. परदेशात गेल्यावर मग एजंटने पॅकेजमध्ये जे घातलं असेल ते निमूट घेतात किंवा लाजून सोडून देतात. मीही आधी तेच केलं होतं.

अम्मीने सोलापुरात जवळपास तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, मान खाली, तेंदूच्या पानावर कात्री. हजार विड्यांचा हिशोब पूर्ण झाल्याशिवाय ती मान वर होत नसे. आता विड्या सुटल्या, पण मान आणि उजवा खांदा तसाच धरलेला आहे. डॉक्टरांनी तपासलं, हाडाला काही नाही, स्नायू आखडलेत, शेक घ्या, व्यायाम करा, असं सांगितलं. घरात सगळ्यांचे पाय तिने चेपले. तिचे खांदे मात्र कुणी चेपल्याचं मला आठवत नाही. मी स्वतःही नाही. ही कबुली देताना शरम वाटते.

बँकॉकच्या हॉटेलात पॅकेजसोबत 'स्पा ट्रीटमेंट' होती. मी तीच ठरवली. मंद दिवे, फुलांचा वास, आल्याचा चहा, सगळं छान होतं. पाच मिनिटांत अम्मी बाहेर आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कागदी चड्डी. "बेटा, ये देरे पैनने कू. बाकी सब उतारो बोलरे. नक्को बाबा, चल यहाँ से." तेल लावून मसाज म्हणजे कपडे काढावे लागणार, हे मला आधी विचारता आलं असतं. मी विचारलं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. त्याहून जास्त बोचलं ते हे, की ज्या देशात अंगभर कपड्यांत मसाज करण्याची परंपरा आहे, तिथेच मी आईला अवघड जागी नेऊन बसवलं होतं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून समजून घ्यायला हव्यात. 'स्पा' हे मुळात बेल्जियममधल्या एका गावाचं नाव. तिथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांत आंघोळीसाठी युरोपातली श्रीमंत माणसं जात. म्हणजे स्पाचा मूळ धागा पाण्याचा. आज हॉटेलच्या स्पामध्ये तेलाचा मसाज, सुगंधी वाफ, अंगाला लेप, चेहऱ्याची निगा असं सगळं एकत्र मिळतं. त्याचा हेतू मुख्यतः आराम आणि त्वचेची काळजी. त्यात गैर काही नाही.

पारंपरिक थाई मसाजला तिथे 'नुआद थाय' म्हणतात. त्यात ना तेल लागतं, ना कपडे काढावे लागतात. आधी पाय धुतले जातात, सैल सुती पायजमा आणि सदरा दिला जातो, जमिनीवर जाड गादी असते. करणारी व्यक्ती अंगठा, तळहात, कोपर, गुडघा आणि तळपाय वापरून दाब देते, मग हातपाय ताणते. शरीरात 'सेन' नावाच्या वाहिन्या असतात, त्यातल्या दहा मुख्य, आणि त्यांच्यावर दाब देऊन अडलेलं मोकळं करायचं, अशी त्यामागची समजूत आहे. आधुनिक शरीरशास्त्र अशा वाहिन्या दाखवू शकत नाही. पण आखडलेल्या स्नायूवर योग्य ठिकाणी पडलेला दाब अंगाला कळतो, त्यासाठी वाहिन्यांवर विश्वास ठेवण्याची गरज नाही.

या विद्येचं मोठं घर म्हणजे बँकॉकचं वाट पो. शेहेचाळीस मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धामुळे ते प्रसिद्ध आहे. तिसऱ्या रामा राजाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या विहाराचा जीर्णोद्धार केला, तेव्हा वैद्यक आणि मसाजचं ज्ञान दगडात कोरून भिंतींवर लावलं. मानवी देहाच्या आकृत्या, त्यावरच्या रेषा, दाबाच्या जागा, येईल त्याने वाचावं अशा उघड्यावर. 2011 साली हे शिलालेख युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत आले. 1955 पासून तिथे मसाजची शाळाही आहे. 2019 मध्ये युनेस्कोने नुआद थायला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. जी गोष्ट आपण डोळा मारून सांगतो, तिची तिथे अशी इज्जत आहे. थाई लोक या विद्येचा जनक मानतात तो जीवक, बुद्धाच्या काळातला राजगृहाचा वैद्य. म्हणजे आजच्या बिहारचा.

दुसऱ्या दिवशी मी वाट पो पाहून आलो. अम्मी आत यायला तयार नव्हती. "मंदिर में जाके मालिश नै कराती मैं." माझं मत वेगळं होतं, पण वाद घातला नाही. तिथे शिकलेल्या बायका शहरभर काम करतात. त्याच परिसरातल्या गल्लीत एका साध्या दुकानात आम्ही गेलो. दर्शनी भागात परवाना लावलेला, काचेतून आतल्या गाद्या दिसत होत्या. बाईच हवी, असं सांगितलं. साधारण चाळिशीतली एक बाई आली. सुरू करण्याआधी तिने हात जोडून डोळे मिटले. अम्मीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती तिच्या उस्तादाला याद करतेय. अम्मीने हळूच बिस्मिल्ला म्हटलं आणि गादीवर बसली.

आता दीनचा प्रश्न. अनेकजण विचारतील म्हणून स्पष्ट लिहितो. मी आलिम नाही. पण बाईने बाईसमोर आणि पुरुषाने पुरुषासमोरही नाभीपासून गुडघ्यापर्यंत झाकलेलं असावं, हे आपल्या घरात लहानपणीच शिकवलं जातं. हॉटेलच्या तेल मसाजमध्ये ही अट पाळणं अवघड. पारंपरिक थाई मसाजमध्ये ती आपोआप पाळली जाते. बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष मिळावा, एवढं आपण सांगायचं. पुरुष मसाजवाले संख्येने कमी असतात, थोडं थांबावं लागतं. मी थांबलो. बायकांना पडद्याचे नियम सांगणारे आपले काही बांधव स्वतःसाठी हे थांबणं विसरतात, तेव्हा त्यांच्या हसण्याचा अर्थ कळतो.

आणि ही विद्या आपल्याला परकी आहे असंही नाही. इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये 'दलक' म्हणजे मालिशचे प्रकार दिले आहेत. कठीण, मऊ, लांबवलेली, मध्यम, आणि प्रत्येकाचा परिणाम निराळा. युनानी हकीम आजही तो शब्द वापरतात. पाटण्याच्या मुस्लिम घरात 1759 साली जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडला गेले, ब्रायटनमध्ये वाफेचं स्नान आणि चंपीचं दुकान काढलं, आणि पुढे चौथ्या जॉर्ज राजाचे 'शॅम्पूइंग सर्जन' झाले. शॅम्पू हा शब्दच आपल्या 'चांपना'वरून, म्हणजे दाबण्यावरून, इंग्रजीत गेलाय. तेव्हा मालिश हे आपल्या तहजीबमध्ये बसत नाही, असं म्हणणाऱ्याने आपलीच तहजीब नीट पाहिलेली नसते.

आता त्या हातांबद्दल. अम्मीचा मसाज तासभर चालला. "बाओ बाओ" म्हणजे हलक्या हाताने, हा एक शब्द मी तिला शिकवून ठेवला होता, तो तिने दोनदा वापरला. संपल्यावर तिने त्या बाईचा अंगठा हातात घेऊन पाहिला. सांधा जाड झालेला. "इसका अंगूठा मेरे जैसाच है," ती म्हणाली. विड्या वळणाऱ्या हाताने मसाज करणारा हात ओळखला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

गल्लीतल्या दुकानात तासाला साधारण 250 ते 400 बाट पडतात, हॉटेलच्या स्पामध्ये त्याच्या कितीतरी पट. अनेक दुकानांत त्या बाईला ठरलेला पगार नसतो, गिऱ्हाईक आलं तर त्यातला वाटा मिळतो. दिवसभर तिचा अंगठा झिजतो. थायलंडमध्ये अंध माणसंही हे काम शिकून पोट भरतात. चियांग माईला महिला तुरुंगाच्या प्रशिक्षण केंद्रात शिक्षा संपत आलेल्या स्त्रिया मसाज करतात, म्हणजे बाहेर पडल्यावर हातात हुन्नर असावा. अशा ठिकाणी आपण दिलेला पैसा थेट हुन्नरापर्यंत पोचतो. घासाघीस करू नये, आणि पन्नास-शंभर बाट वर ठेवावेत. ज्या व्यवसायाला आपण सरसकट बदनाम करतो, त्यात इमानाने घाम गाळणाऱ्या बाईला त्या बदनामीचा रोज त्रास होतो. गिऱ्हाईक चुकीची अपेक्षा घेऊन येतं आणि तिला ते निभवावं लागतं. आपलं हसू तिथपर्यंत पोचतं.

याचा अर्थ सर्वांनी थाई मसाजच घ्यावा असा नाही. हाडं ठिसूळ झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं, हृदयाचा त्रास किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा दाब घेऊ नये. गरोदर बाईने तर नाहीच. लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखत असेल तर मसाज टाळून आधी डॉक्टर गाठावा, रक्ताची गुठळी असू शकते. मानेला झटका देऊन कडकड वाजवणं मी कुणालाच सुचवणार नाही. ज्यांना दाब सोसत नाही त्यांच्यासाठी वाफवलेल्या पोटलीचा शेक आहे. हळद, गवती चहा, कापूर वगैरे कापडात बांधून केलेली ती पोटली आपल्या आज्यांना लगेच ओळखू येईल. आणि कुणाला निवांत पडून राहायचं असेल, त्वचेची निगा हवी असेल, तर स्पा आहेच. फक्त आत जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: कपडे राहतील का, कोण करणार, दार कसलं असेल.

माझं मत मात्र पक्कं झालंय. प्रवासात असं काही निवडावं, जे परतल्यावर दस्तरखानावर सर्वांसमोर सांगता येईल.

अम्मीचा खांदा कायमचा बरा झाला नाही. तीन-चार दिवस हलका राहिला, एवढंच. पण सोलापुरात आल्यावर शेजारच्या खाला आल्या, त्यांनीही आयुष्यभर विड्याच वळल्या. अम्मीने त्यांना खाली बसवलं, मागे गुडघ्यावर उभी राहिली आणि अंगठ्याने दाखवू लागली, इथे दाबतात, असं ताणतात. "थाई मसाज है ये," ती मोठ्याने म्हणाली. घरात कुणी हसलं नाही. रात्री पहिल्यांदा मी तिचे खांदे चेपायला बसलो, तेव्हा ती म्हणाली, "बाओ बाओ."