बुडवणे आणि पोहायला शिकवणे

शिक्षणाच्या माध्यमाचा वाद आपल्याकडे नवा नाही. वक्तृत्व स्पर्धेत हा विषय वरचेवर येतो, टाळ्या मिळतात आणि प्रश्न जागच्या जागी राहतो. या वादात इंग्रजी माध्यमाच्या बाजूने एक दाखला हमखास दिला जातो. "लहान मूल कोणतीही भाषा पटकन उचलते. कॅनडात नाही का पाच वर्षांची मुले दुसऱ्या भाषेत शिकत? मग आमच्याच मुलांनी काय पाप केले आहे?" दाखला खरा आहे. परंतु तो देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या वर्गात काय चालते याची चौकशी केलेली असते.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. तरीही माँट्रियल शहरातील मोठा व्यापार आणि वरच्या जागा बराच काळ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती होत्या. १९६० नंतर हे चित्र पालटू लागले. माँट्रियलसमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडच्या काठावर सेंट लॅम्बर्ट नावाचे उपनगर आहे. तेथील काही इंग्रजी भाषक पालकांच्या ध्यानात आले की, आपली मुले शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच हा 'विषय' शिकतात, पण फ्रेंच शेजाऱ्याशी चार वाक्ये बोलू शकत नाहीत. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या पुढाकार घेणाऱ्यांपैकी होत्या. शाळा मंडळाच्या मागे लागून पालकांनी सप्टेंबर १९६५ मध्ये फ्रेंच माध्यमाचा पहिला बालवर्ग सुरू करवला. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली व १९७२ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध केले. आज त्या देशात चार लाखांहून अधिक मुले या पद्धतीने शिकतात. पद्धतीचे नाव 'इमर्शन', म्हणजे भाषेत बुडवून शिकवणे.

आता वर्गात डोकावू. सकाळी सगळी मुले दिनदर्शिकेपुढे बसतात. आज वार कोणता, तारीख कोणती, बाहेर बर्फ आहे की ऊन, हे बाई फ्रेंचमध्ये विचारतात. थंडी वाजल्याचा अभिनय करीत 'इल फे फ्र्वा' म्हणतात. रोज तेच प्रश्न, रोज तेच हावभाव, म्हणून अर्थ सांगावा लागत नाही. दारावर, खिडकीवर, कपाटावर त्या त्या वस्तूचे नाव लिहिलेले असते. मग गाणे, बाहुल्यांचे संवाद, खोटे दुकान मांडून नाणी मोजणे, कुंडीत बी पेरून रोपाची उंची पट्टीने मोजणे आणि तक्त्यावर नोंदवणे. वसंत ऋतूच्या तोंडाशी मेपलच्या झाडांचा रस काढून त्याचा पाक करतात. तो पाहायला वर्ग जातो. सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक मिळतो. या एका सहलीत गणित आले, विज्ञान आले, प्रांताचा इतिहास आला. आणि फ्रेंच त्या सर्वांच्या पाठीवर बसून आली.

परंतु खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. बालवर्गातील मूल सुरुवातीला बाईंशी आपल्या इंग्रजीतच बोलते आणि त्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. बाईंना इंग्रजी समजते. त्या त्याचे म्हणणे ऐकून घेतात आणि उत्तर फ्रेंचमध्ये देतात. वर्गात सर्वांचीच सुरुवात शून्यापासून असते, म्हणून कोणी कोणाला हसत नाही. दुसरी-तिसरीच्या सुमारास इंग्रजीचे वाचन-लेखन वेळापत्रकात येते आणि पुढे त्याचा वाटा वाढत जातो. घरच्या पालकांना फ्रेंच येत नसेल तरी अडत नाही. त्यांनी मुलाला आपल्या भाषेत गोष्टी वाचून दाखवाव्यात, एवढीच अपेक्षा असते. मूळ भाषा सुरक्षित राहते आणि दुसरी तीत भर घालते. लॅम्बर्ट यांनी पुढे हाच भेद मांडला : एक द्वैभाषिकता बेरजेची, दुसरी वजाबाकीची.

आपल्याकडे जे चालते ते यांपैकी कोणते? आमच्या भागात तालुक्याच्या गावापर्यंत इंग्रजी माध्यमाच्या पाट्या लागल्या आहेत. त्यांतील कित्येक वर्गांत मधल्या सुट्टीत मराठी बोलले तर दंड आहे. शिक्षकांचे स्वतःचे इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरते आहे. मूल प्रश्नोत्तरे घोकते, पण त्या भाषेत भांडत नाही, हसत नाही, शंका विचारत नाही. आणि पालकांना सांगितले जाते, "घरी इंग्रजी बोला." माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आईला कोणी असे सांगितले असते, तर तिने माझ्याशी बोलणेच थांबवले असते. ज्या आईकडे शंभर म्हणी आणि पेरणीपासून मळणीपर्यंतचे सारे शब्द आहेत, तिला शाळेने मुकी करावी, हे कोणते शिक्षण?

खेड्यात पोरांना विहिरीत पोहायला शिकवतात तेव्हा पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधतात. कॅनडातील मुलाच्या पाठीला त्याच्या मातृभाषेचा भोपळा बांधलेला असतो. आपण तो सोडून घेतो, मुलाला ढकलतो आणि वर म्हणतो, बघा, तिकडेही असेच करतात!

अर्थात तिकडे सर्व आलबेल आहे असेही नाही. मेरिल स्वेन या विदुषींनी १९८५ च्या सुमारास दाखवून दिले की, इमर्शनमधील मुले फ्रेंच ऐकून-वाचून उत्तम समजतात, पण बोलण्या-लिहिण्यात चुका दीर्घकाळ टिकतात. नुसते ऐकून भागत नाही. मुलाला बोलते आणि लिहिते करावे लागते. शिकताना अडखळणारी मुले या वर्गांतून बाहेर पडतात, अशीही तक्रार तेथे आहे. तरीही त्या वर्गाचे मर्म घेण्यासारखे आहे. भाषा ही काम करता करता येते.

म्हणून माझे म्हणणे असे की, शाळेची पाटी बदलण्याआधी तास बदलावा. इंग्रजी पहिलीपासून शिकवण्याचा निर्णय महाराष्ट्रात २००० सालीच झाला. ते इंग्रजी फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी हातांनी का शिकवू नये? मेपल नसेना, गुऱ्हाळ तर आहे! काहिलीत रस किती, चुलवाणाला जळण किती, गुळव्या पाक कसा ओळखतो, हे मुलांनी आधी मराठीत विचारावे, वहीत मांडावे आणि मग त्यातलेच दहा साधे वाक्यांश इंग्रजीत सांगावेत. यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. इंग्रजी आणि मराठी दोन्हींचा मान राखणारा शिक्षक लागतो. आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी कितीतरी जण शिक्षक होण्यासाठी बाहेर पडतात. मुलाची भाषा वजा न करता दुसरी मिळवून देता येते, हे त्यांच्या वर्गाने सिद्ध करावे. माध्यमाच्या वादाला त्याहून चांगले उत्तर मला तरी दिसत नाही.