नव्या भयकथांतील जुनी देणी

भयकथा आवडीने वाचतो, असे शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीत जेवणाच्या सुट्टीत कबूल करणे आजही थोडे अवघडच जाते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके वाचनालयातून नेणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. परंतु त्यांतील अनेकांनी ती पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचली आणि नोकरीला लागल्यावर, तो एक पोरकट छंद होता, असे म्हणून सोडून दिली. मतकरींच्या गूढकथेला थोडी प्रतिष्ठा लाभली, तीही त्यांच्या नाटकांच्या पुण्याईने, असे मला नेहमी वाटत आले आहे. धारपांच्या वाट्याला तेवढीही आली नाही. धारप २००८ साली गेले, मतकरी २०२० साली. या काळात जगातील भयसाहित्याने मात्र निराळे वळण घेतले आहे. लहानपणी ज्यांनी ‘समर्थां’च्या भरवशावर रात्री जागून काढल्या, त्यांनी तिकडे पुन्हा एकदा वळून पाहावे, अशी शिफारस करण्यासाठी हा लेख आहे.

जुन्या भयकथेत अरिष्ट बहुधा बाहेरून येई. सुखाने नांदणाऱ्या कुटुंबाने जुना वाडा विकत घ्यावा, परसातल्या विहिरीत काहीतरी असावे, शेवटी कोणी जाणकार पुरुष यावा, त्याने ते घालवून द्यावे आणि दिवस उजाडावा, असा तिचा क्रम होता. नव्या भयकथेत जो येतो, त्याला येण्याचा हक्क असतो. त्याचे काही देणे लागत असते आणि ते कोणी फेडलेले नसते. खरे तर ही गोष्ट आपल्या लोकसमजुतींना फार पूर्वी ठाऊक होती. बाळंतपणात मेलेल्या बाईची अळवंतीण होते, मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेल्या मुलाचा मुंजा होतो, धनावर जीव ठेवून मेलेल्याचा समंध होतो. गावाला ज्यांना वाचवता आले नाही, किंवा वाचवावेसे वाटले नाही, त्यांचीच ही यादी आहे. भयकथेच्या लेखकांनी अलीकडे ही नोंदवही पुन्हा उघडली आहे, एवढेच.

ज्याला प्रारंभ करावयाचा आहे, त्याने बोरा चुंग या कोरियन लेखिकेचा ‘कर्स्ड बनी’ हा दहा कथांचा संग्रह आधी वाचावा. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या २०२२ सालच्या अंतिम यादीत तो होता. त्या वर्षी पारितोषिक गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या इंग्रजी अनुवादाला मिळाले आणि आपली वृत्तपत्रे साहजिकच त्या आनंदात बुडाली. त्यामुळे शेजारच्या पुस्तकाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. शीर्षककथेत शापित वस्तू घडवणारे एक घराणे आहे. प्रामाणिकपणे मद्य गाळणाऱ्या एका मित्राचा धंदा बड्या कंपनीने खोटा बोभाटा करून बुडवला, म्हणून या घराण्यातील आजोबा सशाच्या आकाराचा एक दिवा तयार करतात. तो कंपनीत पोहोचतो आणि तेथील कागद कुरतडले जाऊ लागतात. ज्याने दफ्तरखान्यात उमेदीची वर्षे काढली, त्याला या कथेची भीती इतरांहून अंमळ अधिक कळेल. पण सूड कागदांपाशी थांबत नाही, आणि तो कोणाकोणाला गिळतो हे पाहताना प्रथम झालेला आनंद हळूहळू आटत जातो. दुसऱ्या एका कथेत पाळी नियमित व्हावी म्हणून गोळ्या घेणाऱ्या तरुणीला दिवस जातात. डॉक्टर तिला बजावते की मुलाला बाप शोधला नाही, तर गर्भाची वाढ धड होणार नाही. मग सुरू होतात लग्न जुळवण्याच्या भेटी. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसलेल्या कोणत्याही मराठी मुलीला ही कथा परकी वाटणार नाही. अँटन हर यांच्या अनुवादाचे इंग्रजी सरळ आहे. ज्यांना इंग्रजी कादंबरीचा धसका वाटतो, त्यांनाही ते झेपावे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो शिक्षकांकडून यावा हे योग्यच आहे. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे विद्यार्थ्यांच्या हाती भुताखेतांची पुस्तके द्यावीत काय? मी हा प्रश्न हसण्यावारी नेत नाही. परंतु त्याचे उत्तर मला एका भयकादंबरीतच मिळाले. अर्जेंटिनाच्या मारियाना एन्रीकेस यांची ‘अवर शेअर ऑफ नाइट’ ही मूळ स्पॅनिश कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली आणि मेगन मॅकडॉवेल यांचा इंग्रजी अनुवाद २०२२ साली आला. तिच्यात धनाढ्य जमीनदार घराण्यांचा एक गुप्त पंथ आहे. ‘अंधार’ नावाच्या शक्तीकडून अमरत्व मिळवण्याची त्यांची आकांक्षा आहे आणि त्यासाठी ज्याच्या अंगात ती शक्ती येते, असा माणूस त्यांना लागतो. हुआन हा असा माणूस. गरिबाचे मूल, हृदयाने दुबळे. आईबापांना पैसे देऊन या लोकांनी लहानपणीच त्याला आपल्या ताब्यात घेतलेले. प्रत्येक विधीगणिक त्याचे शरीर खचत जाते आणि मालकमंडळींची नजर त्याच्या मुलाकडे, गास्पारकडे, वळते. बाप मुलाला वाचवण्यासाठी काय काय करतो, याची ही सुमारे सातशे पानांची कहाणी आहे. त्याने केलेल्या काही गोष्टी क्षमा करण्याजोग्या नाहीत.

कथा सुरू होते १९८१ साली, म्हणजे लष्करी राजवटीत. १९७६ ते १९८३ या काळात त्या देशात माणसे घरांतून, रस्त्यांवरून उचलली गेली आणि परत आली नाहीत. मानवी हक्कांच्या संघटना त्यांचा आकडा ३०,००० सांगतात. ज्या भूमीत इतकी प्रेते नोंदीवाचून पुरलेली आहेत, तेथे आणखी काही प्रेते लपवणे पंथाला सोपे जाते. लेखिकेने हे कोठेही भाषण करून सांगितलेले नाही. श्रद्धेच्या नावाखाली श्रीमंतांनी गरिबाचे शरीर वापरावे आणि त्याला पवित्र म्हणावे, याचे इतके निर्दय चित्र मी बुवाबाजीविरुद्धच्या पुस्तिकांतही पाहिलेले नाही. अंगात आणून पैसे उकळणारा मनुष्य आपण सांगतो ते खरे आहे असे म्हणतो. कादंबरीकार पहिल्या पानापासून कबूल करतो की ही गोष्ट आहे. विद्यार्थ्याला हा फरक कळतो; न कळल्यास तो शिकवणे हे आपले कामच आहे. मात्र पुस्तक प्रौढांचे आहे. शाळकरी मुलांच्या हाती ते देऊ नये, आणि सातशे पानांचा धीर नसेल, तर याच लेखिकेच्या लघुकथांवर समाधान मानावे.

स्टीफन ग्रॅहम जोन्स हे अमेरिकेतील ब्लॅकफीट या आदिवासी जमातीचे लेखक. त्यांच्या ‘द ओन्ली गुड इंडियन्स’मध्ये (२०२०) चार तरुण, वडीलधाऱ्यांसाठी राखलेल्या रानात शिरून एल्क जातीच्या हरणांची कत्तल करतात. त्यांत एक गाभण मादी असते. दहा वर्षांनी ती वसुलीला येते. हिची गती मला मध्यंतरी असह्य वाटली, पण शेवट वाचून मी पुस्तक मिटले ते जपून. सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांची ‘मेक्सिकन गॉथिक’ त्यामानाने सौम्य आहे. खाणीवर गबर झालेले इंग्रज घराणे, त्यांचा बुरसटलेला वाडा आणि भिंतीत वाढणारी बुरशी, असा तिचा मामला आहे. ती प्रवासात वाचावी.

आता चित्रकादंबऱ्यांविषयी. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या पिढीला चित्रांचे पुस्तक म्हणजे सुट्टीतली करमणूक वाटते. त्यांनी एमिल फेरिस यांचे ‘माय फेव्हरेट थिंग इज मॉन्स्टर्स’ एकदा हातात घ्यावेच. चाळिशीच्या सुमारास या बाईंना डासाच्या चाव्यातून वेस्ट नाईल विषाणूची बाधा झाली. कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि उजवा हातही गेला. हाताला लेखणी चिकटपट्टीने बांधून त्या पुन्हा चित्र काढायला शिकल्या. २०१७ साली पुस्तकाचा पहिला खंड आला, दुसऱ्याला २०२४ साल उजाडले. साध्या बॉलपेनने, रेघांच्या वहीवर काढल्यासारखी ही चित्रे आहेत. १९६८ सालच्या शिकागोत राहणारी दहा वर्षांची कॅरन स्वतःला नरलांडगा समजते आणि तशीच चितारते. वरच्या मजल्यावरची अंका ही नाझी जर्मनीतून वाचून आलेली बाई गोळी लागून मरते, तेव्हा कॅरन मोठा कोट चढवून तपासाला निघते. घरात आईला कर्करोग झालेला आहे आणि ते तिला कोणी सांगत नाही. त्याच वसंतात मार्टिन ल्यूथर किंगची हत्या होते. कॅरनला राक्षसांची भीती वाटत नाही. आपल्याला राक्षसाने चावावे आणि आपण आईलाही चावावे, म्हणजे ती मरणार नाही, असा तिचा हिशेब असतो. शब्दांत हे लिहिले, तर कदाचित भाबडे वाटेल. परंतु सुळे असलेल्या त्या लहानग्या चेहऱ्यावरच्या बॉलपेनच्या रेघा पाहिल्या की वाचक पान उलटायचे विसरतो.

जपानचे जुंजी इतो यांची ‘उझुमाकी’ १९९८-९९ सालची, म्हणजे ताजी नव्हे. एका गावाला वर्तुळाकार वळशांचे वेड लागते आणि शाळेतल्या मुलाची गोगलगाय होते. उत्तरार्धात पाल्हाळ आहे, हे मान्य करूनही सांगतो, की पान उलटताच समोर येणारे भयानक चित्र हे बळ गद्याजवळ नाही. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असते. मी पहिली दहा पाने उलटी वाचली आणि तीही भयंकरच वाटली. कॅनडाच्या एमिली कॅरोल यांचे ‘थ्रू द वुड्स’ (२०१४) एका संध्याकाळी वाचून होते. पाच कथा, काळा आणि लाल रंग, आणि थोडेसेच शब्द. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी येथून सुरुवात केली तरी चालेल.

ही पुस्तके स्वस्त नाहीत, चित्रकादंबऱ्या तर नाहीतच. चौघांनी मिळून एक घ्यावे आणि फिरवावे. माझी ‘कर्स्ड बनी’ची प्रत अशीच तीन घरे फिरून आली. तिसऱ्या घरातून परत देताना शेजारच्या वहिनींनी मुखपृष्ठावर वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते. सशाचे चित्र रात्री दिसू नये म्हणून, असे त्यांनी सांगितले.