जंगल हिरवे, गुरे उपाशी

छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमेवरील गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या पानझडी रानाला कुऱ्हाडीपासून व गुरांपासून वाचविण्यासाठी शासनाने नियम केले. मात्र जिला पहाराही अडवीत नाही आणि कुंपणही, त्या घाणेरीचा गांभीर्याने विचार होताना दिसत नाही.

घाणेरी अथवा टणटणी हे मूळचे अमेरिका खंडातील झुडूप. साहेबाच्या बागेची शोभा म्हणून ते एकोणिसाव्या शतकात या देशात आले. पाला विषारी असल्याने गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. बुलबुलासारखे पक्षी फळे खाऊन बी दूरवर टाकतात. वरून तोडले तर बुडख्यातून ते पुन्हा फुटते. त्याच्या जाळीखाली गवत मरते, साग-पळसाची रोपे उजेडावाचून खुरटतात. जंगल दुरून हिरवे दिसते आणि आतून म्हातारे होत जाते.

याची किंमत कोण मोजतो? वाडीतांड्यांवरचा भिल्ल, ठाकर, बंजारा. चराईचे गवत आटले की आधी शेळी विकली जाते, मग गाय. आणि उरलेल्या गवतावर जनावर गेले तर गुन्हेगारही तोच ठरतो. दुसरीकडे लागवडीची उद्दिष्टे भरण्यासाठी शासनानेच राज्यातील कित्येक उघड्या टेकड्यांवर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावले आणि त्यालाच वनीकरण म्हटले!

उपाय अज्ञात नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रुजविलेली पद्धत साधी आहे: जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मूळ तोडायचे, झुडूप उलटे करून ठेवायचे, मोकळ्या जागेत देशी गवत वाढवायचे आणि पुढील काही वर्षे नवी रोपे उपटत राहायचे. हे काम कुदळीचे व चिकाटीचे आहे. एका हंगामाचे देयक काढून निघून जाणाऱ्या ठेकेदाराकडून ते होणारे नाही.

१९७२ च्या दुष्काळाच्या होरपळीनंतर याच महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. बांध-तलावांइतकेच रान मोकळे करणे हेही सार्वजनिक काम आहे; त्याला पुरी मजुरी मिळालीच पाहिजे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेला आहे. तेव्हा कोठे, किती आणि कोणत्या क्रमाने काढायचे, हे ग्रामसभेने वनखात्यासह ठरवावे; आणि उगवलेल्या गवतावर पहिला हक्क ते उगवू देणाऱ्यांचा असावा. या शेवटच्या अटीवाचून ही मोहीम म्हणजे केवळ वेठ ठरेल.

काँग्रेस गवताच्या नावावर आपल्या सभांतून विनोद पुष्कळ झाले. ते उपटायला किती जण गेले, हा प्रश्न वेगळा. कन्नड व सोयगाव तालुक्यांतील साथींनी निदान या वेळी वनहक्काचे प्रलंबित दावे आणि घाणेरी काढण्याच्या कामाची मागणी एकाच ठरावात घालून ग्रामसभेपुढे ठेवावी.