विश्लेषण : स्कार्लेट आणि ऱ्हेटचे पुढे काय झाले, हे ठरवण्याचा हक्क कुणाचा?

'गॉन विथ द विंड'च्या शेवटी ऱ्हेट बटलर घर सोडून निघून जातो आणि स्कार्लेट ओ'हारा त्याला परत मिळवायचे ठरवते. तो परत येतो का, हे लेखिका मार्गारेट मिचेल यांनी कधीच सांगितले नाही. सीक्वेल लिहिण्यास त्यांचा ठाम नकार होता. १९४९मध्ये अटलांटात मोटारीच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर याच प्रश्नाभोवती वारसांच्या परवानगीने दोन कादंबऱ्या आल्या, एक टीव्ही मालिका झाली आणि एक खटलाही गाजला. अमेरिकेत या कादंबरीचा कॉपीराइट २०३१च्या अखेरीस संपतो. १ जानेवारी २०३२पासून तिथे कुणालाही तिचा पुढचा भाग लिहिता येईल.

लेखिकेचा नकार, मग वारसांचा होकार का?

कारण घड्याळ सुरू होते. कादंबरी १९३६ची. त्या वेळच्या नियमानुसार ७५ वर्षांनी, म्हणजे २०११मध्ये तिचा हक्क संपणार होता. मग कुणीही काहीही लिहिणार, त्यापेक्षा आपणच लिहून घेतलेले बरे, असा वारसांचा हिशेब होता. अलेक्झांड्रा रिप्ली यांची निवड झाली आणि प्रकाशन हक्क जवळपास ५० लाख डॉलरना विकले गेले. १९९१मध्ये 'स्कार्लेट' आली. समीक्षकांनी झोडपले, वाचकांनी लाखो प्रती उचलल्या. १९९४मध्ये तिच्यावर टीव्ही मालिकाही झाली. रिप्लींनी नायिकेला थेट आयर्लंडला नेले. त्यामुळे गुलामगिरीनंतरच्या अमेरिकी दक्षिणेतले अवघड प्रश्न आपोआप मागे पडले. ही सोय फारच सोयीची होती.

गंमत म्हणजे १९९८मध्ये अमेरिकी कायदा बदलला, मुदत ९५ वर्षे झाली आणि घाई करण्याचे कारणच उरले नाही. पुढच्या पुस्तकासाठी पॅट कॉन्रॉय यांच्याशी बोलणी झाली, ती फिसकटली. समलैंगिकता नको, गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध नकोत, अशा अटी आपल्यापुढे ठेवल्याचे कॉन्रॉय यांनी जाहीरपणे सांगितले. अखेर २००७मध्ये डोनाल्ड मॅकेग यांची 'ऱ्हेट बटलर्स पीपल' आली.

खटला कशावरून झाला?

वारसांना नको असलेली नेमकी तीच गोष्ट एका कृष्णवर्णीय लेखिकेने लिहिली म्हणून. अॅलिस रँडल यांच्या 'द विंड डन गॉन'ची (२००१) निवेदक आहे सिनारा : स्कार्लेटची सावत्र बहीण, तिच्या वडिलांना गुलाम 'मॅमी'पासून झालेली मुलगी. मूळ कादंबरीत मॅमीला स्वतःचे घर नाही, संसार नाही, मूलबाळ नाही. रँडल यांनी तिला ते दिले.

वारसांच्या वतीने ट्रस्टची जबाबदारी सांभाळणारी बँक न्यायालयात गेली. एप्रिल २००१मध्ये अटलांटातील न्यायाधीशांनी पुस्तकाचे प्रकाशन रोखले. मे महिन्यात अपील न्यायालयाने ती बंदी उठवली. मूळ कादंबरीवर टीका करायची तर तिची पात्रे आणि प्रसंग वापरावेच लागतात, त्यामुळे 'फेअर यूज'चा बचाव इथे टिकण्याची शक्यता आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २००२मध्ये तडजोड झाली. प्रकाशकाने मोरहाउस कॉलेजला देणगी दिली आणि पुस्तकावर 'अनधिकृत विडंबन' ही ओळ राहिली.

जेन ऑस्टेनबाबत असे वाद का होत नाहीत?

'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ची, कधीच मुक्त झालेली. परवानगी कुणाची घ्यायची हा प्रश्नच नाही. एमा टेनंट यांची 'पेम्बर्ली' (१९९३) आली, पी. डी. जेम्स यांनी 'डेथ कम्स टू पेम्बर्ली'त (२०११) डार्सीच्या दारात खून घडवला. मधल्या काळात झॉम्बीही येऊन गेले. यातले बरेचसे विसरून जाण्याजोगे आहे. पण जो बेकर यांची 'लाँगबोर्न' (२०१३) तशी नाही. एलिझाबेथ चिखल तुडवत फिरते तेव्हा तिचे कपडे धुणाऱ्या मोलकरणीची ही कथा आहे. मॅमीला मूल मिळायला न्यायालय गाठावे लागले, या मोलकरणीला तशी वेळ आली नाही. फरक फक्त तारखांचा.

मराठीत कुणी असे लिहिले तर?

प्रतिलिपीसारख्या अॅपवर लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न पडू शकतो. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ना. सी. फडके १९७८मध्ये गेले, त्यांच्या कादंबऱ्या १ जानेवारी २०३९ला मुक्त होतील. वि. स. खांडेकरांच्या त्याआधी दोन वर्षे. शरच्चंद्रांचा 'देवदास' मोकळा झाला होता, म्हणून २००९मध्ये 'देव डी'त त्याला दिल्लीच्या गल्ल्यांत फिरवता आले.

मात्र मुदत संपली की रान मोकळे, असे भारतात म्हणता येत नाही. कायद्याचे कलम ५७ लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीकरणाविरुद्ध दाद देते. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी'वरील चित्रपटाविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला होता, १९८६चा तो निकाल आजही उद्धृत होतो. लेखकाच्या पश्चात हा हक्क वारसांना बजावता येतो. पूर्वी कॉपीराइटची मुदत संपण्याआधी झालेल्या विकृतीकरणापुरतीच ही दाद होती. २०१२च्या दुरुस्तीत ती मर्यादा घालणारे शब्द वगळण्यात आले. त्यामुळे २०३९नंतर फडक्यांच्या नायिकेची पुढची गोष्ट लिहिणाऱ्याला परवानगी मागावी लागणार नाही, पण वारसांची नोटीस येणारच नाही याची खात्री कायदा देत नाही.