चाकातला दगड

"टीचर, वो पत्थर हैच क्या अभी?"

सोमवारी वर्गात पाऊल टाकलं की सातवीतली एक मुलगी हमखास हा प्रश्न विचारायची. हजेरीच्याही आधी. नवख्याला वाटावं की शाळेच्या मैदानातल्या एखाद्या दगडाविषयी बोलतेय. पण हा दगड मंगळावर होता, नासाच्या 'पर्सिव्हरन्स' रोव्हरच्या पुढच्या डाव्या चाकात अडकलेला.

फेब्रुवारी २०२२ची गोष्ट. कोरोनानंतर पुण्यातले वर्ग नुकते भरू लागले होते. दोन वर्षं मोबाइलवर शिकलेली मुलं अक्षर विसरून आली होती. मी कोंढव्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्या मुलांना मराठी बोलायला फारशी अडचण येत नाही, लिहायची वेळ आली की घाम फुटतो. पुस्तकातले तेच ते उतारे घेऊन मीही कंटाळले होते. म्हणून फळ्याच्या एका कोपऱ्यात रोज रोव्हरबद्दल मराठीत तीन वाक्यं लिहायची ठरवली. काल काय केलं, आज काय करतोय, उद्या काय करेल. भूतकाळ, वर्तमानकाळ, भविष्यकाळ. काळ शिकवायला याहून बरा नायक मला आजवर सापडलेला नाही.

नेमका त्याच दिवसांत तो दगड चाकात शिरला. कॅमेऱ्यानं चाकाचा फोटो पाठवला आणि त्यात एक वाटोळा पाहुणा बसलेला. पोरांना हे फारच आवडलं. चपलेत खडा अडकला की आपण झटकतो, याला हात आहे तरी झटकता येत नाही. मग सुरू झाली दगडाची चौकशी. एप्रिल २०२३मध्ये फोटोत चाक रिकामं दिसलं. ४२७ सोल तो दगड रोव्हरबरोबर फिरला, सुमारे दहा किलोमीटर. म्हणजे साधारण कोंढव्यातून शिवाजीनगरला जाण्याइतकं अंतर. सोल म्हणजे मंगळावरचा दिवस, आपल्यापेक्षा साधारण ४० मिनिटांनी मोठा. ती मुलगी तोवर आठवीत जायच्या बेतात होती. दगड पडल्याचं कळल्यावर गप्प बसली. मग म्हणाली, "अब उसको मालूम नहीं होगा ना, किधर आ गया."

हे सांगण्याचं कारण असं, की आपण अवकाश मोहिमा बघतो त्या क्रिकेटच्या शेवटच्या षटकासारख्या. उतरलं की नाही? जिंकलो की नाही? पर्सिव्हरन्स उतरला तेव्हा इथे १९ फेब्रुवारी २०२१ची पहाट होती, दोन वाजून पंचवीस मिनिटं. शिवजयंतीचा दिवस. सकाळी झेंडे आणि मिरवणुकीच्या गडबडीत मोबाइलवर दोन-चार फॉरवर्ड आले आणि विषय संपला. वास्तविक काम त्या पहाटे सुरू झालं होतं. रोव्हर उतरण्यासाठी पाठवत नाहीत, चालण्यासाठी पाठवतात.

आणि ते चालणं कसं? सहा चाकं, एक टनाहून थोडं जास्त वजन आणि सपाट जमिनीवर जास्तीत जास्त वेग ताशी १५२ मीटर. (संध्याकाळी लुल्लानगर चौकात अडकलेली पीएमपीची बस याला मागे टाकेल, तीही मोठ्या मुश्किलीनं.) मंगळापर्यंत संदेश जायला पाच ते वीस मिनिटं लागतात, म्हणून कोणी इथे बसून स्टेअरिंग फिरवत नाही. दिवसभराची कामं लिहून पाठवायची, मग वाट बघायची. काही दगड तो स्वतःच ओळखून टाळतो. उतरल्यानंतरचे पहिले काही महिने कॅलिफोर्नियातली मंडळी मंगळाच्या घड्याळावर जगत होती, रोज ४० मिनिटं उशिरा उठायची. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "टीचर, मतलब सेहरी जैसा, रोज टाइम बदलता." बरोबर होतं त्याचं, फरक इतकाच की सेहरीची वेळ एक-दोन मिनिटांनी सरकते.

रमजानवरून आठवलं. 'इन्जेन्युइटी' हे छोटं हेलिकॉप्टर मंगळावर पहिल्यांदा उडालं ते १९ एप्रिल २०२१ला. सहावा रोजा होता. शहर बंद, मी घरात, दुपारचे सव्वाचार झालेले. बातमी आली की ते तीन मीटर वर गेलं, ३९ सेकंद हवेत राहिलं आणि नीट खाली आलं. पाच उड्डाणांसाठी बनवलेलं ते यंत्र पुढे ७२ वेळा उडालं. जानेवारी २०२४मध्ये त्याची पाती मोडली, तेव्हा थांबलं. त्याचं नाव सुचवलं होतं वनीझा रुपानी या अलाबामात शिकणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलीनं. वर्गात हे नाव उच्चारल्यावर मागच्या बाकावरच्या मुली सरळ होऊन बसल्या. वनीझा हे नाव आमच्या गल्लीतही ऐकू येतं.

आता तक्रारीकडे येते. हे सगळं मला मिळालं इंग्रजीतून. नासा रोव्हरचे कच्चे फोटो सर्वांसाठी खुले ठेवते. रिक्षा चालवणाऱ्या बापाच्या मोबाइलवर आमची मुलगी तोच फोटो बघू शकते जो तिथला शास्त्रज्ञ बघतोय. 'आठवड्याचा फोटो' निवडायला मतही देऊ शकते. आमच्या पोरांनी दिलं आहे. पण फोटोखालची ओळ इंग्रजीत असते. मराठीत रोजनिशी नाही, उर्दूत तर विचारूच नका. ते नासानं करावं असं मी म्हणत नाही. आपल्या वर्तमानपत्रांत राशिभविष्याला रोज जागा मिळते. त्या भविष्यात मंगळ रोज असतो, कोणाला कडक, कोणाला सौम्य. आम्ही मुसलमानांनी फार हसू नये, जुन्या उर्दू नुजूमातही मिर्रीख हा छोटा मनहूसच आहे. ज्या ग्रहाच्या नावावर पोरींची लग्नं अडतात, त्या ग्रहावरचा आजचा फोटो मराठी पेपरात आठवड्यातून एकदा चौकटीत छापायला काय हरकत आहे?

आपल्या रोव्हरचंही वेगळं झालं नाही. २३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. मुलांना आम्ही मुद्दाम शाळेत थांबवलं होतं, मगरिबच्या आधी घरी सोडायचं कबूल करून. चांद्रयान-३ उतरलं आणि जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. एका वाहिनीचे दोघे आले होते. त्यांनी स्कार्फवाल्या मुलींना पुढे बसवायला सांगितलं, टोपीवाल्या दोन मुलांना बाजूला, हातात तिरंगे. "जरा जोरात ओरडा." पोरं ओरडली, मनापासून ओरडली, कोणी सांगायची गरजच नव्हती. खटकलं ते पुढचं. विक्रम कुठे उतरलं, प्रज्ञान काय करणार आहे, असा एकही प्रश्न त्या मुलांना कोणी विचारला नाही. चांगली उत्तरं दिली असती त्यांनी. आमच्या मुलांचा आनंद पुरावा म्हणून हवा असतो, त्यांची उत्सुकता कोणाला नको असते.

कॅमेरे गेले आणि खरी गंमत सुरू झाली. २६ किलोचा प्रज्ञान रोव्हर. २७ तारखेला त्याला तीन मीटर पुढे चार मीटर रुंद खड्डा दिसला आणि त्याला मागे वळायला सांगण्यात आलं. इस्रोनं त्याचा फोटोही दिला. वर्गात त्यावर अर्धा तास चर्चा झाली. मागे फिरणं म्हणजे हरणं का? पुढे त्यानं दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचं पक्कं केलं, शंभर मीटर चालला आणि २ सप्टेंबरला त्याला झोपवलं. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची. २२ तारखेला ऊन पुन्हा पोहोचलं, संदेश पाठवले, तो उठला नाही. पुणं तेव्हा गणपतीत होतं. आमच्या फळ्यावर त्या दिवशी एकच वाक्य होतं, 'प्रज्ञान अजून उठलेला नाही', आणि ते मुलांनी बरेच दिवस पुसू दिलं नाही. ठरलेलं काम त्यानं पूर्ण केलं होतं, उठणं हा बोनस होता, हे समजावून सांगावं लागलं.

स्टाफरूममध्ये मला ऐकावं लागतं. एक सहकारी म्हणाले, "पोर्शन कौन पूरा करेगा?" रास्त प्रश्न आहे, पोर्शन दोनदा राहिलाही. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांचं म्हणणं वेगळं, "बेटा, पहले ज़मीन की फ़िक्र करो. नळाला पाणी नाही आणि तू मिर्रीखवरच्या पाण्याचं सांगतेस." यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. पण रोव्हर ज्या जेझेरो विवरात फिरतोय तिथे कधीकाळी तळं होतं, नदी येऊन मिळत होती. सगळं आटलं. हे ऐकल्यावर मुलांचा पहिला प्रश्न असतो, पाणी गेलं कुठे? तो प्रश्न टँकरच्या रांगेत उभं राहणाऱ्या मुलानं विचारला तर तो जमिनीचाच प्रश्न आहे, असं मला वाटतं.

परीक्षेच्या दृष्टीनंही मला या रोव्हरनं अडचणीत आणलं. ऑगस्ट २०२१मध्ये त्यानं दगडात पहिल्यांदा भोक पाडलं, नळी बंद केली, आणि नळी रिकामी निघाली. दगड इतका ठिसूळ की भुगा झाला. आमच्याकडे याला शून्य मार्क. तिकडे त्यांनी ती बंद नळी मंगळाच्या हवेचा नमुना म्हणून ठेवून दिली आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या दगडातून नमुना काढला. त्यानंतर निबंधाच्या वह्या तपासताना माझा लाल पेन थोडा अडखळतो.

जयंत नारळीकर सर मुलांना नुसती सही देत नसत. पोस्टकार्डवर प्रश्न पाठव, उत्तराबरोबर सही मिळेल, असं सांगत. सर २०२५मध्ये गेले. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकात शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं वर्षानुवर्षं होत आली आहेत, पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून उभी राहिलेली 'पुलस्त्य' इमारत आहे. आमच्या मुलांसाठी ते सगळं एका बसच्या अंतरावर आहे, आणि आम्ही शिक्षक त्यांना तिथवर नेत नाही. यात दोष वाहिनीवाल्यांचा नाही, आमचा आहे. मी स्वतः पहिल्यांदा मुलांना घेऊन गेले तेव्हा माझ्या नोकरीला चौदा वर्षं झाली होती.

दगडाची चौकशी करणारी ती मुलगी आता अकरावीला आहे, सायन्सला. सप्टेंबर २०२५मध्ये तिचा मेसेज आला. चेयावा फॉल्स नावाच्या दगडावरचे बिबट्यासारखे ठिपके प्राचीन सूक्ष्मजीवांची संभाव्य खूण असू शकतात, असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं. तिनं खाली लिहिलं होतं, मराठीत, "टीचर, 'संभाव्य' शब्द नीट वाचा, लोक सोडून देत आहेत." त्या दगडाचा नमुना रोव्हरजवळ नळीत बंद आहे. पृथ्वीवर आणायची मोहीम खर्चापायी अडकली आहे. यंदाच्या सातवीनं फळ्यावर त्याचं वाक्य भविष्यकाळात लिहिलं, मग एकानं उठून 'येईल'च्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं.