प्लॉट आपला, गांजा शेठचा, जेल कोणाला?

शिरपूरकडच्या सातपुड्यात वनजमिनीवर गांजा सापडल्याच्या बातम्या येतच असतात. तुरीच्या ओळींत झाडं लपवायची. बियाणं शेठचं, उचलही त्याचीच. धाड पडली की शेठचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, प्लॉटवाला तेवढा आत जातो.

१९८५ चा एनडीपीएस कायदा लई कडक आहे. नुसता गांजा लावला तरी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. माल २० किलोच्या वर दाखवला तर १० ते २० वर्षं, आणि जामीन मुश्कील. म्हणून वजन बघा. कायद्यात गांजा म्हणजे फुला-फळांचा शेंडा, शेंड्याशिवायचा नुसता पाला किंवा बी नाही. मुळं, माती, ओला पाला सगळं एकत्र काट्यावर टाकलं असेल, तर वकिलाने जामिनाच्या वेळीच ते मांडलं पाहिजे. आदिवासीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. कोऱ्या पंचनाम्यावर अंगठा देऊ नका. पंचांनीही नाही.

पण वकिलापर्यंत जायचंच कशाला? आपल्या जमिनीत दुसऱ्याने लावलाय हे माहीत असून कळवलं नाही, तरी कलम ४६ खाली जमीनवाला अडकतो. कलम ४७ प्रमाणे सरपंचालाही कळवावं लागतं. मग गप्प बसून आपण वाचवतो कोणाला? शेठलाच. डोक्यावर कर्ज आहे, मान्य. तरी ज्या प्लॉटसाठी दावे भरले, मोर्चे काढले, तो उचलीवर देणं मला पटत नाही. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, पोलीस ठाण्यात द्या, पोच घेऊन ठेवा.