उडणारे वीर आणि पळणारे गाव

गेल्या वर्षी एका रिकाम्या तासाला आमच्या वर्गात ‘उत्तम चित्रपट कोणता?’ अशी चर्चा निघाली. कुणी सत्यजित राय यांचे नाव घेतले, कुणी ‘श्वास’चे. माझी पाळी आली तेव्हा मी खरे तेच सांगितले. मला ‘झपाटलेला’ आवडतो, ‘तुंबाड’ आवडतो आणि बॅटमॅनची जुनी कार्टून मालिका आवडते. वर्गात हशा पिकला. “कार्टून? अजून?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले. मीही हसले आणि खाली बसले. परंतु त्या दिवशी बोलायचे राहून गेलेले मनात घोळत राहिले. त्या राहिलेल्या उत्तरासाठीच या लेखाचा प्रपंच.

प्रथम माझ्याविषयी थोडेसे सांगणे भाग आहे. माझे गाव ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून आहे. घरी थोडी धानाची शेती आहे. आई रोवणीला जाते, चैत्रात मोहफुले वेचते आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. गावाजवळ चित्रपटगृह कधीच नव्हते. आधी शेजारच्या घरचा दूरदर्शन संच आणि पुढे मोबाईल, एवढेच आमचे चित्रपटगृह. त्यामुळे जे दिसले ते पाहिले. कोणते पाहावे आणि कोणते पाहू नये, हे सांगणारे घरात कुणी नव्हते. मित्रहो, याला तुम्ही माझी उणीव म्हणाल. मला मात्र तो लाभ वाटतो.

भयपट, रहस्यपट, साहसपट यांच्यावर नेहमीचा आक्षेप असा की ते साच्यातले असतात. भूत येणार, माणसे घाबरणार, शेवटी भुताचा नायनाट होणार. खलनायक मातणार, वीर उडत येणार, खलनायक पडणार. हे खरेच आहे. पण ओवीला साचा नाही काय? पोवाड्याला नाही काय? आपल्याकडे दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडसा म्हणजे देसाईगंज येथील नाटक मंडळ्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत गावोगाव फिरतात. शंकरपट असो, मंडई असो, रात्री नाटक ठरलेले. त्यातही साचाच असतो. भोळा थोरला भाऊ, कपटी पाटील, छळलेली सून आणि हसवणारा गडी. शेवट काय होणार ते माझ्या आजीला पहिल्या अंकातच ठाऊक असते. तरी ती थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसते. कारण ‘काय होणार’ ही चिंता मिटली की ‘कसे होणार’ हे बघायला मन मोकळे होते. याच रंगभूमीवरचे गडचिरोली जिल्ह्यातील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आनंद झाला. साच्यातल्या नाटकात आयुष्य घालवलेल्या माणसाचा हा सन्मान होता, हे आपण विसरता कामा नये.

आता ‘झपाटलेला’ घेऊ. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. खुनी माणसाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना १९८८ च्या एका अमेरिकन चित्रपटातही आहे. पण तात्या विंचूचा बाहुला बनवला रामदास पाध्ये यांनी. ज्या घराण्याने महाराष्ट्राला अर्धवटराव दिला, त्याच घराण्याच्या हातचे हे काम. आवाज नि बेरकीपणा दिलीप प्रभावळकरांचा, भाबडेपणा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा. कल्पना परकी असली तरी भीती आणि हसू दोन्ही आपले झाले. राही बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) तर भुतापेक्षा माणसाच्या हावेचेच भय वाटते. बाप स्वतःच्या पोराला त्या हावेचे शिक्षण देतो, तो प्रसंग पाहून मला रात्रभर झोप आली नाही. तो भयपट आहे म्हणून कमी प्रतीचा, असे कुणी म्हटले तर मी वाद घालीन.

आणि बॅटमॅन. ज्या मालिकेवर वर्ग हसला ती १९९२ साली अमेरिकेत सुरू झाली. ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की हे तिचे कर्ते. तिच्यातली शहराची दृश्ये पांढऱ्या नव्हे, काळ्या कागदावर रंगवलेली आहेत. म्हणजे चित्रकार अंधारापासून सुरुवात करी आणि जेवढा उजेड हवा तेवढाच त्यात घाली. हे मला कळले तेव्हा आमच्या गावची रात्र आठवली. वीज गेली की आमच्याकडेही आधी अंधार असतो आणि मग त्यात एखाददुसरी चूल किंवा बॅटरी दिसते.

या मालिकेत ‘हार्ट ऑफ आइस’ नावाचा एक भाग आहे. पॉल डिनी यांनी लिहिलेल्या या भागाला एमी पुरस्कार मिळाला. त्यातला खलनायक मिस्टर फ्रीझ हा मुळात शास्त्रज्ञ. त्याची बायको असाध्य आजाराने पछाडलेली. उपाय सापडेपर्यंत त्याने तिला बर्फासारख्या थंडीत जपून ठेवलेले. कंपनीचा मालक पैसे वाया जातात म्हणून ते यंत्र बंद पाडायला लावतो आणि त्या झटापटीत या माणसाचे आयुष्य संपते. पुढे उरतो तो सूड. लहान मुलांसाठी केलेल्या वीसबावीस मिनिटांच्या कार्टूनात खलनायकाचे दुःख इतके नीट सांगितलेले पाहून मी थक्क झाले.

एका रात्री मी हा भाग पाहत असता आई शेजारी येऊन बसली. तिला भाषा कळत नव्हती. मी सांगत गेले. संपल्यावर तिने बॅटमॅनविषयी काहीच विचारले नाही. ती म्हणाली, “मंग त्या बाईचा का झाला?”

आईचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. वीर जिंकला हे ठीक. पण ज्या माणसासाठी हे सारे घडले त्याचे काय? माझ्या मते या प्रकारच्या चित्रपटांची खरी परीक्षा याच प्रश्नाने करावी. वीर किती उंच उडतो हे पाहू नये. ज्यांना तो वाचवतो त्यांना चेहरा आहे की नाही, हे पाहावे.

या परीक्षेत पुष्कळ मालिका नापास होतात, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे. तो ‘छोटा भीम’चा भक्त. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या संस्थेने केलेली ही मालिका २००८ पासून आपल्या पोरांना वेड लावून आहे. परदेशी वीरांच्या गर्दीत धोतर नेसलेला, लाडू खाणारा देशी पोरगा उभा राहिला याचे मला कौतुकच आहे. पण ढोलकपूरच्या लोकांकडे नीट पाहा. संकट आले की ते पळतात आणि भीमाला हाका मारतात. भीम लाडू खातो, संकट संपते, लोक टाळ्या वाजवतात. भीम आणि त्याचे सवंगडी सोडले तर बाकीच्या गावाला पळणे आणि टाळ्या वाजवणे यांखेरीज काम नाही.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. त्या महिन्यात आपल्या जिल्ह्यात असे आणखीही बळी गेले. आमच्या गावात बायकांनी चार दिवस जंगलात पाऊल टाकले नाही. पाचव्या दिवशी आई गेली. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा. घरी बसले तर पुडे कोण देणार आणि पैसे कोठून येणार? भाऊ दारात उभा होता. त्याने मला विचारले, “ताई, भीम काहून नाई येत आपल्याकडं?”

मी त्याला उत्तर दिले नाही. ‘ते खोटे असते’ असे सांगणे सोपे होते. पण त्याची भीती खोटी नव्हती. आणि भीती खरी असेल तर तिच्यावर रचलेली गोष्ट अगदीच खोटी कशी म्हणावी? चूक एवढीच की त्या गोष्टीत आमच्या आईसारखी बाई कधी येत नाही. वर्तमानपत्रातही पुष्कळदा ती ‘महिला ठार’ एवढीच येते. इकडे ताडोबाच्या वाघांना नावे आहेत. माया, मटकासुर ही नावे मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना तोंडपाठ. वाघाला नाव असू नये असे मी म्हणत नाही. तो या जंगलाचा धनी आहे. पण ज्याला नाव त्याचीच गोष्ट होते, हे आपण ओळखले पाहिजे.

वाघाच्या गोष्टीवरून आठवले. जगातली सर्वांत गाजलेली जंगलकथा आपल्याच नदीच्या काठची आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? किपलिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ सालचे. त्यातले जंगल शिवनीचे आणि नदी वैनगंगा. हीच वैनगंगा पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामधून वाहते. तिच्याच घळीत मोगली म्हशींचा कळप उधळवून शेरखानाला मारतो. जपानमध्ये १९८९ साली यावर कार्टून मालिका झाली आणि ती हिंदीतून दूरदर्शनवर आली. नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान आपल्या आधीच्या पिढीला अजून आठवतो. मूळ पुस्तकातला शेरखान जन्मतः लंगडा आहे आणि म्हणून गुरे मारतो. माणूस मारू नये असा जंगलाचा कायदा आहे, कारण एक माणूस मेला की बंदुका येतात आणि त्याची शिक्षा साऱ्या जंगलाला भोगावी लागते. एवढी समज त्या गोष्टीत आहे. पण वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आम्हाला ही गोष्ट इंग्रजीतून जपानीत आणि जपानीतून हिंदीत जाऊन मग मिळाली. आपली नदी आपल्याला इतक्या लांबून का भेटावी?

यावर कुणी म्हणेल की असे चित्रपट काढायला कोट्यवधी रुपये लागतात. त्यांनी मालेगावकडे पाहावे. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी गावातली माणसे घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे मालेगावचा सुपरमॅन उभा केला. नायक झाला एक यंत्रमाग कामगार. हिरव्या कापडापुढे त्याला आडवा धरून उडवला. या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ पडद्यावर आला. केरळचा ‘मिन्नल मुरली’ (२०२१) पाहा. वीर आहे खेड्यातला शिंपी. ज्या विजेने त्याला बळ मिळते, तीच वीज चहाच्या दुकानात राबणाऱ्या, गावाने वेडा ठरवलेल्या एका माणसावरही पडते. एक वीर होतो, दुसरा खलनायक. गाव त्या दोघांशी कसे वागले यावर सारी गोष्ट उभी आहे. येथे गाव नुसते पळत नाही. त्याला जाब द्यावा लागतो.

आमच्याकडेही अशी माणसे आहेत. ताडोबाच्या बफरमधील गावांत प्राथमिक प्रतिसाद दले आहेत. त्यांत गावातलीच पोरे असतात. हातात काठी, शिट्टी आणि बॅटरी. वाघ शिवारात आला की ती आधी धावतात. त्यांना वाघाशी लढायचे नसते. मोबाईल घेऊन जमलेली गर्दी मागे हटवायची असते, म्हणजे वाघालाही वाट मिळेल आणि माणसेही वाचतील. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास मधगोळे आणि लाकूडतोडे डोक्याच्या मागच्या बाजूस माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधून जंगलात जाऊ लागले, कारण वाघ बहुधा पाठीमागून झडप घालतो. सिनेमातला वीर चेहरा लपवण्यासाठी मुखवटा घालतो. या गरिबांनी वाघाला आपला चेहरा दिसावा म्हणून तो घातला. यावर चित्रपट होणार नाही काय?

माझी सूचना साधी आहे. स्नेहसंमेलनात आपण दरवर्षी पुण्या-मुंबईच्या एकांकिका बसवतो. एक वर्ष आपलीच भयकथा बसवू या. तिच्यात वाघ असावा, अंधार असावा, साचाही असावा. भाषा झाडीबोली असावी. फक्त गाव पळणारे नसावे. गुरुजनांनी मार्गदर्शन करावे. लिहिण्याची खटपट मी करीन. त्या दिवशी मागच्या बाकावरून हसणाऱ्या मित्राने वाघाचे काम केले तरी माझी हरकत नाही.

भावाच्या प्रश्नाचे उत्तर अजून माझ्याकडे नाही. त्या दिवशी दुपारी आई पाने घेऊन परत आली. भाऊ तिच्या पुढ्यात बसून पाने जुळवू लागला आणि मोबाईल तसाच पडून राहिला. यंदाच्या मे महिन्यात ती पुन्हा जाईल. तिच्यासाठी उडत येणारा कुणी नाही, हे तिला ठाऊक आहे. पण तिच्यासारखी बाई ज्या गोष्टीत आहे अशी एक तरी गोष्ट तिने पाहावी आणि शेवटी ‘मंग त्या बाईचा का झाला?’ असे विचारायची पाळी तिच्यावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

— बी. ए. द्वितीय वर्ष